स्पॅनिश शिकताय ना? मग एल मुंदो टुडे वाचायला लागा (माझा रिव्ह्यू)

स्पॅनिश शिकायला लागून मला दोन वर्षं होत आली आणि आत्तापर्यंत ॲप झालं, पुस्तकं झाली, ऑनलाइन क्लास झाला, पण यातल्या कशाने सगळ्यात जास्त शिकवलं असं कोणी विचारलं तर मी डोळे झाकून एल मुंदो टुडेचं नाव घेईन. आता ही भाषा शिकवणारी साइट नाहीये बरं का. ही स्पेनमधली खोट्या बातम्यांची साइट आहे, खोट्या म्हणजे अफवा नाही, उघडउघड विनोदी, शावी पुच आणि किके गार्सिया या दोघांनी २००९ मध्ये सुरू केली आणि अजून जोरात चालू आहे. मला क्लासच्या बाईंनी सांगितली होती, त्या स्पेनच्याच आहेत, म्हणाल्या रोज एक बातमी वाच, हसू आलं तर समज तुला कळली.

हे इतकं खरं निघालं की काय सांगू.

म्हणजे बघा, ॲपमध्ये आपण काय करतो, चार पर्याय असतात, त्यातला एक टिचकी मारून निवडायचा, अंदाजाने मारला तरी बरोबर येतं आणि वाटतं की जमलं. विनोदात तसं होत नाही. अर्धवट समजून हसूच येत नाही हो. नव्वद टक्के शब्द कळले आणि नेमका गंमतीचा शब्द राहिला तर समोर नुसतीच एक विचित्र बातमी उरते, आणि तो एक शब्द शोधला की लख्ख प्रकाश पडतो, आणि तो शब्द मग जन्मात विसरत नाही. माझ्याकडे शब्दांच्या वह्या भरून पडल्यात, त्यातलं निम्मं मला आठवत नाही, पण इथे हसले ते सगळे शब्द आठवतात.

यांची लिहायची पद्धत मला फार आवडते. एखाद्या साध्या माणसाची घरातली बारीकशी गोष्ट घ्यायची आणि ती देशावर संकट आल्यासारखी लिहायची, त्यात सूत्रांकडून मिळालेली माहिती, तज्ज्ञांचं मत, शेजाऱ्यांच्या प्रतिक्रिया, सगळं आलं. चेहरा एकदम गंभीर. आणि शिकणाऱ्याला फायदा तिथेच आहे, कारण भाषा खऱ्या वर्तमानपत्राची आहे, व्याकरण स्वच्छ, वाक्यं पूर्ण, रस्त्यावरची बोली कमी. 'सेगून' म्हणजे अमक्याच्या म्हणण्यानुसार, 'प्रेसुंतो' म्हणजे कथित, 'आ आसेगुरादो' म्हणजे ठामपणे सांगितलं, हे शब्द इतक्या वेळा येतात की तीन-चार महिन्यांनी मी खरं स्पॅनिश वर्तमानपत्र उघडलं तेव्हा पहिला परिच्छेद सरळ वाचत गेले. काळसुद्धा असेच डोक्यात बसले. आज कोणी काही म्हटलं असेल तर स्पेनमध्ये 'आ दिचो' (म्हटलं आहे) म्हणतात, तेच लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी नुसतं 'दिहो' (म्हटलं) म्हणून मोकळे होतात, हा फरक पुस्तकात मी तीनदा वाचला होता पण अंगात भिनला तो या बातम्यांमुळे.

खोटी बातमी छापणं तिकडे काही नवीन नाही. २८ डिसेंबरला स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत 'सांतोस इनोसेंतेस'चा दिवस असतो, आपण १ एप्रिलला करतो ना तसं, लोकांना फसवायचं, आणि तिथली वर्तमानपत्रंही त्या दिवशी एखादी थाप छापायची. त्या फसवणुकीला शब्दच आहे, 'इनोसेंतादा'. आणि १९७७ पासूनचं 'एल हुएवेस' नावाचं विनोदी साप्ताहिक होतं, त्याच्या नावाचा अर्थ गुरुवार, आणि नावाखाली काय लिहायचे माहितीये, 'बुधवारी निघणारं मॅगझिन'! नुकते वार शिकलेल्या माणसालाही हा विनोद कळतो, मी माझ्या भाचीला वार शिकवताना हाच सांगितला, तिला बुधवार-गुरुवार एका दिवसात पाठ झाले.

आता बातम्यांच्या खालच्या चर्चेबद्दल सांगते, कारण माझं अर्धं शिक्षण तिथे झालं. पहिल्यांदा बघितलं तर सगळीकडे 'जे ए जे ए जे ए', मी ते जाजाजा वाचत होते. स्पॅनिशमध्ये 'जे'चा उच्चार ह सारखा, जरा घशातून, म्हणजे ते सरळसरळ हाहाहा आहे. मग एक फुली आणि शेजारी 'क्यू' असं दिसायचं, काही केल्या कळेना, डिक्शनरीत तर मिळणारच नाही. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या गुणाकाराची फुली आम्ही कशी वाचतो? 'पोर'. म्हणजे फुलीचा पोर आणि 'क्यू'चा के, 'पोर्के', कारण किंवा का!

आणि दुसऱ्याच दिवशी कोणीतरी खाली एक जुना विनोद टाकलेला दिसला. एका मांजराला सोळा जीव होते, एक 'कुआत्रो पोर कुआत्रो' आली आणि मांजर मेलं. कुआत्रो पोर कुआत्रो म्हणजे जीपसारखी चारही चाकं ओढणारी गाडी, आणि कुआत्रो पोर कुआत्रो म्हणजे चार गुणिले चार, सोळा, सगळे जीव एका दमात गेले! आदल्या दिवशी ती फुली कळली नसती तर मी यावरून पुढे निघून गेले असते. (एरवी स्पॅनिशमध्ये मांजराला सात जीव असतात, इंग्रजीत नऊ, हेही त्याच दिवशी कळलं.)

असे छोटे कोटीवाले विनोद मग मी जमवायलाच लागले. मासा काय करतो? 'नादा'. नादा म्हणजे काही नाही, आणि नादा म्हणजे पोहतो. एकाच शब्दात क्रियापद पण शिकून झालं. माझा सगळ्यात लाडका म्हणजे केमिस्ट लोक एकमेकांचा निरोप कसा घेतात, 'आसिदो उन प्लासेर'. आसिदो म्हणजे ॲसिड, आणि 'आ सिदो उन प्लासेर' म्हणजे भेटून आनंद झाला. पण गंमत अशी की हा विनोद मेक्सिको, कोलंबिया, अर्जेंटिनात चपखल बसतो आणि स्पेनच्या बऱ्याच भागात बसत नाही, कारण तिथे 'सी'चा उच्चार जीभ दातात धरून थ सारखा करतात, ॲसिडचं होतं 'आथिदो', आणि कोटी घसरते. आमच्या बाईंनी तो दोन्ही उच्चारांत म्हणून दाखवला, उच्चारांच्या धड्याचे कितीतरी व्हिडिओ बघून मला जे ऐकू येत नव्हतं ते त्या एका वाक्यात ऐकू आलं.

एक इशारा मात्र देते. विनोद भाषांतरासकट देणारी पेजेस असतात, त्यांच्या नादी लागू नका. मी सुरुवातीला अशाच एका पेजवर कितीतरी वेळ घालवला, खाली इंग्रजी अर्थ दिलेला असायचा, त्यात कोटी मेलेली असायची आणि मला वाटायचं स्पॅनिश लोकांना विनोदच जमत नाही, जे साफ चुकीचं आहे. अर्थ पाहिजे तर रेआल अकादेमिआ एस्पान्योलाची डिक्शनरी ऑनलाइन फुकट आहे, १७१३ साली स्थापन झालेली स्पॅनिश भाषेची संस्था आहे, त्यात एका शब्दाचे सगळे अर्थ ओळीने दिलेले असतात, आणि कोटीचा दुसरा अर्थ बरेचदा तिसऱ्या-चौथ्या नंबरला लपलेला सापडतो. तो स्वतः शोधून काढण्यात जी मजा आहे ती तयार उत्तरात नाही.

एल मुंदो टुडे अगदी नवशिक्यासाठी नाहीये, दोन्ही भूतकाळ येत नसतील तर जरा थांबा. आणि स्पेनच्या राजकारणावरच्या बातम्या मी अजूनही सोडून देते, कारण त्यातले नेते आणि पक्ष माहीत असल्याशिवाय त्या लागत नाहीत, घरगुती गोष्टींवरच्या बातम्यांपासून सुरुवात करा. मी आधी फक्त मथळा मोठ्याने वाचते, गंमत कुठे आहे ते ओळखायचा प्रयत्न करते, मगच आतली बातमी. दिवसाला एक बास. माझ्याकडून पाचपैकी पाच स्टार.

गेल्या आठवड्यात क्लास संपताना बाईंना दुसरा कॉल आला, घाईत म्हणाल्या 'ते यामो लुएगो', तुला नंतर कॉल करते. आता 'यामार' म्हणजे फोन करणं आणि यामार म्हणजे नावाने हाक मारणंही, आणि यावरचा विनोद मी महिनाभरापूर्वी वाचलेला, तर माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, 'नो मे यामेस लुएगो', मला 'नंतर' म्हणून हाक मारू नका, आणि पुढे माझं नाव. त्या क्षणभर थांबल्या, मग इतक्या हसल्या की तो दुसरा कॉल कट झाला.