पासबुक, ॲप की वही? लाभांशाची वाढ आणि कपात कशात नीट दिसते

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणारी माझी आत्या निवृत्त शिक्षिका आहे. तिच्याकडे बँक ऑफ बडोदाचे ७०० शेअर आहेत. सयाजीराव महाराजांनी १९०८ साली काढलेली बँक म्हणून आमच्याकडे तो शेअर विकायला कुणाचा हात धजत नाही. २०२५चा लाभांश जमा झाला तेव्हा तिने पासबुक माझ्यापुढे उघडून धरलं. "बघ रे, आधी ३,८५०, मग ४,७८८, आता ५,८४५. दर वर्षी वीस टक्क्यांच्या वर वाढतोय. आणखी थोडे घेऊन ठेवू का?"

आकडे बरोबर होते, पण त्यावरून लावलेला हिशेब फसवा होता. लाभांशासाठी शेअर वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो: वाढ झाली की कपात, हे बघायचं कुठे? पासबुकात, मोबाइलवरच्या ॲपमध्ये, की स्वतःच्या वहीत? मी तिन्ही वापरतो, आणि तिघांची लायकी सारखी नाही असं माझं ठाम मत आहे.

आत्याचंच उदाहरण घेऊ.

| लाभांश मिळाला ते वर्ष | दर शेअरी (रु.) | ७०० शेअरवर (रु.) | पासबुकात जमा (रु.) |
|---|---|---|---|
| २०२३ | ५.५० | ३,८५० | ३,८५० |
| २०२४ | ७.६० | ५,३२० | ४,७८८ |
| २०२५ | ८.३५ | ५,८४५ | ५,८४५ |

२०२४ मध्ये रक्कम ५,००० च्या वर गेली, आपल्याला कर लागत नाही असं ज्येष्ठांनी लिहून द्यायचा १५एच फॉर्म राहून गेला आणि दहा टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर), म्हणजे ५३२ रुपये कापले गेले. एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा १०,००० झाली, त्यामुळे पुढच्या वर्षी काहीच कापलं नाही. परिणाम असा की पासबुक आधी २४ आणि मग २२ टक्के वाढ दाखवतं. बँकेने प्रत्यक्षात वाढवले आधी ३८ टक्के आणि मग जेमतेम १० टक्के. आत्याला संथ, एकसारखी चढण दिसत होती; वाढीचा वेग मात्र चांगलाच मंदावला होता.

म्हणून पासबुकाचं काम एकच समजावं: पैसे आले की नाही. हे काम मात्र दुसरं कुणी करत नाही. खातं बदललं, पत्ता बदलला, कुणी गेलं आणि वारसाने कळवलं नाही, की लाभांश न उचललेला पडून राहतो. सात वर्षांनी तो गुंतवणूकदारांसाठीच्या सरकारी निधीत जातो, आणि सलग सात वर्षं उचलला नसेल तर शेअरसुद्धा तिकडेच जातात. परत मिळतात, पण कागदपत्रांची दमछाक होते.

ॲप सोयीचं आहे हे कबूल. रेकॉर्ड डेट, म्हणजे ज्या दिवशी शेअर नावावर असेल त्यालाच लाभांश मिळतो तो दिवस, कधी ते आधी कळतं. आता सौदा दुसऱ्या दिवशी पूर्ण होत असल्याने एक्स-डेट (ज्या दिवसापासून घेतलेल्या शेअरवर तो लाभांश मिळत नाही) आणि रेकॉर्ड डेट बहुधा एकाच दिवशी येतात, तेव्हा आदल्या दिवसापर्यंत घेतलेला शेअरच लाभांशाला पात्र, हे तिथे चटकन दिसतं. पण ॲपवर सगळ्यात ठळक असतो तो लाभांशाचा उतारा, म्हणजे भावाच्या किती टक्के लाभांश मिळाला तो आकडा, आणि माझी तक्रार त्याच्याबद्दलच आहे. ६ रुपये देणारा शेअर २०० वरून १२० वर घसरला की उतारा ३ वरून ५ टक्के होतो. कंपनीने एक पैसा वाढवला नाही, उलट बाजाराला तिची काळजी वाटतेय, आणि पडद्यावर मात्र सगळं आधीपेक्षा गोड दिसतं. वेदांताने २०२२-२३ साठी शेअरमागे १०१.५० रुपये दिले. तो उतारा बघून भाळलेल्यांच्या हाती पुढच्या वर्षी २९.५० आले.

वही सगळ्यात कष्टाची आणि सगळ्यात खरी. तिच्यात दर शेअरी लाभांश लिहायचा, शेजारी कंपनीचा नफा. बँक ऑफ बडोदाच्या पानावर २०२३-२४ समोर लाभांश ३८ टक्के वाढल्याचं दिसतं, नफा मात्र १४,११० कोटींवरून १७,७८९ कोटींवर, म्हणजे २६ टक्केच. पुढच्या वर्षी दोन्ही दहाच्या आसपास. लाभांशाने नफ्याच्या पुढे धाव घेतली आणि मग तो त्याच्या बरोबरीने चालू लागला, हे या दोन ओळींत कळतं. वेग मंदावला, तरी घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं.

विशेष लाभांश, म्हणजे नेहमीच्या लाभांशाशिवाय एखाद्या वेळी दिलेला जादाचा, वेगळ्या रकान्यात गेलाच पाहिजे. टीसीएसने २०२२-२३ साठी ११५ रुपये दिले आणि २०२३-२४ साठी ७३. वरवर बघणाऱ्याला ही मोठी कपात. पण पहिल्या आकड्यात ६७ आणि दुसऱ्यात १८ रुपये विशेष होते. नेहमीचा लाभांश ४८ वरून ५५ झाला होता, म्हणजे वाढलाच होता.

शेअर विभागला की जुने आकडे नव्याने मांडावे लागतात, आणि इथेच लोक वही सोडून देतात. सोडू नका. बँक ऑफ बडोदाने जानेवारी २०१५ मध्ये १० रुपये दर्शनी किमतीच्या शेअरचे २ रुपयांचे पाच केले. २०१३-१४ चा लाभांश २१.५०, २०१४-१५ चा ३.२०. आधी छातीत धस्स होतं. मग पाचाने भागल्यावर २१.५० चे ४.३० होतात आणि "विभागणीमुळे दिसतंय तसं" म्हणून माणूस निर्धास्त होतो. तिथेच थांबायचं नव्हतं, कारण ४.३० वरून ३.२० ही पाव हिश्श्याची खरी कपात होती. पुढच्याच वर्षी बँकेला ५,३९६ कोटींचा तोटा झाला आणि लाभांश शून्यावर आला. इशारा आधी मिळाला होता, आमच्या घरात तो कुणी वाचला नाही. २०१६-१७ साठी १.२० मिळाले, त्यानंतर थेट २०२१-२२ साठी २.८५.

शून्याचं कारणही समोर लिहून ठेवावं. २०१९-२० साठी बँकांनी लाभांश देऊ नये असं रिझर्व्ह बँकेनेच करोनाच्या काळात सांगितलं होतं. तो शून्य आणि तोट्यामुळे आलेला शून्य एका मापाने मोजले तर चांगली बँक हातची जाते.

तुमच्याकडे पंधरा-वीस कंपन्या असतील तर हीच वही एक्सेलमध्ये करा. पाच-सहाच असतील तर कागदाची पुरते; वर्षाला कंपनीमागे दहा मिनिटं जातात, बहुतेक सगळी मे महिन्यात निकाल येतात तेव्हा. ॲप तारखांपुरतं ठेवा. वेळ खरंच नसेल तर ॲप सोडा, वही सोडू नका.

आत्याने नवे शेअर घेतले नाहीत, असलेले ठेवले. शाळेतली एक कोरी हजेरीवही तिच्याकडे उरली होती, तिच्यात तिने रकाने आखून घेतले. शेवटचा रकाना पासबुकाचा आहे. वार्षिक सभेत मंजुरी मिळाल्यापासून तीस दिवसांत रक्कम जमा झाली की ती तिथे लाल पेनाने खूण करते.