ताज्या प्रायमरखाली दडवलेला माल

सेकंडहँड फँटसी मिनिएचरच्या (खेळासाठीच्या, हाताने रंगवायच्या छोट्या पुतळ्यांच्या, थोडक्यात 'मिनी'च्या) जाहिरातीत गिऱ्हाईक हमखास गळाला लागतं ते एका वाक्यावर: "जुना रंग काढून, प्रायमर मारून तयार आहेत, फक्त रंगवायला घ्या." रंग काढणं हे या छंदातलं सर्वांत कंटाळवाणं काम. ते आयतं मिळत असेल तर चार पैसे जास्त मोजायला कोणीही तयार होतं. इथे ज्या लॉटची (एकत्र विकलेल्या संचाची) चिरफाड केली आहे, तो याच वाक्यावर विकला गेला. वर्णन असं: १९८० च्या दशकातले सिटाडेल या ब्रँडचे धातूचे (शिसं-कथिलाचे) योद्धे, २० नग, शिवाय एक मोठा ड्रॅगन, सगळं अस्सल. फोटोंत सगळ्यांवर मॅट काळा प्रायमर, सगळे समोरून टिपलेले, एकाचाही तळ दिसत नाही. मॅट काळा फोटोत बारकावे गिळून टाकतो, म्हणून तोच निवडला असावा.

तपासणीनंतरचा हिशोब: २० पैकी ७ खरे आणि धड, ९ रेझिनच्या (साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या प्लास्टिकच्या) नकला, ४ खरे पण त्यांचं शिसं कुजत चाललेलं. ड्रॅगन खरा, पण तुटका.

नकला हाताला हलक्या लागल्या नाहीत, यातच खरी चलाखी होती. प्रत्येक बेसच्या (मिनीच्या पायाखालच्या चकतीच्या) पोकळीत लोखंडी वॉशर चिकटवून वरून पुट्टी भरलेली होती. शिसं आणि कथील चुंबकाला ओढत नाहीत, त्यामुळे बेसखाली चुंबक चिकटला की आत लोखंड आहे हे नक्की. तेवढ्यावरून चोरी मात्र ठरवू नये. मिनी पत्र्याच्या किंवा चुंबकी पेटीत उभ्या राहाव्यात म्हणून बरेच जण स्वतःच वॉशर किंवा चुंबक लावतात. फक्त ते उघडे असतात. इथले पुट्टीखाली पुरलेले होते, आणि पुट्टीवरही प्रायमर होता.

खरा निकाल घनतेने लागतो आणि त्यासाठी रंग काढावा लागत नाही. आधी मिनी बेसवरून उतरवा. सुपरग्लूचा सांधा थंडीत ठिसूळ होतो, तेव्हा दोन-तीन तास फ्रीझरमध्ये ठेवून हलका पीळ दिला की बहुधा सुटतो. मग ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर कोरडं वजन घ्या. त्याच काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवा, पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका (नाहीतर घड्यांमध्ये बुडबुडे अडकतात आणि आकडा फसवतो), आणि काटा शून्यावर आणा. मिनी दोऱ्याने लटकवून पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवील, तितके घन सेंटिमीटर तिचं आकारमान. त्याने कोरड्या वजनाला भागा. शिसं भरपूर असलेला जुना मिश्रधातू ९ च्या आगेमागे येतो, कथीलप्रधान धातू ७.३ च्या आसपास, आणि रेझिन १.१ ते १.२. या लॉटमधला एक खरा योद्धा १४ ग्रॅमचा, पाण्यात १.५. त्याच साच्याची म्हणून विकलेली नक्कल १.७ ग्रॅमची, पाण्यात तेवढीच १.५. पुढे वाद घालायला जागाच उरत नाही.

नुसतं रेझिन निघालं म्हणजे माल खोटा, असंही नाही. सिटाडेल ज्यांचा ब्रँड त्या गेम्स वर्कशॉपने २०११ मध्ये फाइनकास्ट नावाने रेझिन आणलं आणि आधी धातूत मिळणाऱ्या काही मिनी त्यात ओतल्या. तेव्हा प्रश्न इतकाच असतो, की ही विशिष्ट मिनी रेझिनमध्ये कधी अधिकृतपणे निघाली होती का. इथे फसवणूक दुहेरी होती. १९८० च्या दशकातला धातू म्हणून विकलेलं रेझिन होतं, आणि तेही घरगुती साच्यातलं. खुणा भिंगाखाली स्पष्ट दिसतात. साच्याची रेघ एकाऐवजी दोन ठिकाणी येते: एक नकलेच्या स्वतःच्या साच्याची, दुसरी अस्सल मिनीवर राहून गेलेल्या रेघेची छाप. तलवारीच्या टोकाला, बोटांत, हनुवटीखाली हवेचे बारीक खड्डे असतात. बेसच्या खाचेत बसणाऱ्या पायाखालच्या पट्टीवर कंपनीचं नाव, बऱ्याचदा सालही असतं. नकलेत ती अक्षरं गोल झालेली, अर्धवट भरलेली असतात. या नऊ जणांची तर पट्टीच कापून टाकलेली होती.

धातूतच ओतलेली नक्कल मात्र घनतेला सापडत नाही. साचा खऱ्या मिनीवरून घेतलेला आणि धातू थंड होताना आकसतो, म्हणून ती किंचित लहान भरते. पण ते कॅलिपरने मोजायला शेजारी खात्रीची एक मिनी हवीच.

आता कुजलेले चार. शिशाच्या मिनीवर पांढरी-करडी पावडर धरते, ती शिशाचं कार्बोनेट असते. ओक लाकूड, एमडीएफ, पुठ्ठा यांतून ॲसेटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ सुटते. त्यात दमट हवा मिळाली की शिसं खाल्लं जातं. म्हणजे लाकडी काचकपाटात हौसेने मांडलेला संग्रहच यात सर्वांत आधी जातो. पावडर झटकून वर प्रायमर मारला तर काही आठवडे मिनी देखणी दिसते. मग रंग फुगतो आणि त्याखालून पुन्हा पांढरं डोकावतं, कारण खड्ड्यांत राहिलेला गंज आपलं काम चालूच ठेवतो. लॉट विकायला तेवढे आठवडे पुरतात. प्रायमरवर टाचणीच्या डोक्याएवढे फुगे दिसले, विशेषतः झग्याच्या घड्यांत आणि पायांच्या मध्ये, तर तिथे लाकडी टूथपिक टोचून बघा.

ही पावडर विषारी आहे, याबद्दल लोक फार निष्काळजी असतात. कोरडी घासू नका, फुंकर मारू नका. नायट्राइल हातमोजे आणि कणरोधक मास्क घालून, साबणाच्या पाण्यात बुडवूनच ब्रशने काढा. काम जेवणाच्या टेबलावर नको, घरातली मुलं जवळ नकोत. वरवरची कीड असेल तर धुऊन, पूर्ण वाळवून, प्रायमर मारून पॉलिप्रोपिलीनच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवता येते. नाकडोळे खाल्ले गेले असतील तर ते परत येत नाहीत. चारपैकी दोघांचे चेहरे असेच गेले होते.

ड्रॅगनचा एक पंख जाड सुपरग्लूवर टेकवलेला आणि फट ग्रीन स्टफने (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या पुट्टीने) बुजवलेली. शेपटीचं टोक पूर्ण पुट्टीत घडवलेलं. दुरुस्ती केली हा गुन्हा नाही, लपवली हा आहे. इतका जड पंख नुसत्या गोंदावर टिकत नाही. सांधा उघडून दोन्ही बाजूंना १ मिमीचं भोक पाडायचं, पितळी तार घालायची आणि दोन भागांच्या इपॉक्सीने बसवायचं.

प्रायमर काढतानाही एक सापळा होता. तो ॲक्रिलिक नव्हता, गाड्यांना मारतात तसला दाट स्प्रे होता. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये रात्रभर ठेवूनही सुटला नाही. अशा वेळी "सगळे धातूचे" या शब्दावर विसंबून आख्खा लॉट ॲसिटोनमध्ये टाकला जातो. धातूला त्याने काही होत नाही. पण प्लास्टिकच्या मिनींचं पॉलिस्टायरीन विरघळतं, रेझिन मऊ पडून त्याचे बारीक भाग बिघडतात, आणि पुराव्याचा चिखल होतो. ॲसिटोन घनता मोजल्यानंतरच, तेही बाहेर मोकळ्या हवेत.

तक्रारीच्या दृष्टीने क्रम उलटा चालवू नका. पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ, मग वजन आणि पाण्यातल्या मापाचे फोटो काट्याच्या आकड्यासकट, आणि तळाशी लपलेल्या जागी एवढासा ओरखडा, इतकंच. पूर्ण रंग काढला की विकणारा म्हणतो, "हा माझा माल नव्हेच." या लॉटच्या बाबतीत अगदी हेच उत्तर आलं होतं. आणि पैसे मित्र-नातेवाइकांसाठीच्या पर्यायाने पाठवले असतील तर सहसा खरेदीदाराचं संरक्षणच लागू होत नाही. त्या पर्यायाचा आग्रह धरणाऱ्याशी व्यवहार तिथेच थांबवावा.

घेण्याआधी मागायचे फोटो मोजकेच: तळ, पायाखालची पट्टी, बेसवरून काढून काट्यावर ठेवलेली एखादी मिनी, आणि तिरप्या उजेडातली पाठ. सोबत त्या दिवशीची तारीख लिहिलेला कागद. "काटा नाही", "आता चिकटवलंय, कशाला काढू" ही उत्तरं आली तर प्रत्येक नगाची किंमत रेझिनची धरून बोली लावा. परवडली तर घ्या.

गळ्यात पडलेल्या नकला रंगकामाच्या सरावाला चालतात. वॉश (घड्यांत मुरवायचा पातळ रंग), ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवटे उजळणं), झिलई, सगळं त्यांच्यावर आजमावता येतं. फक्त तळाशी सुईने "नक्कल" असं खोल कोरून ठेवा, रंगाच्या नव्हे तर रेझिनच्या थरात, म्हणजे त्या पुन्हा कुणाच्या लॉटमध्ये अस्सल म्हणून शिरणार नाहीत.