पाटीवरची पेन्सिल, साडेतीन पेले दूध आणि लोहाचे सिरप: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या ऑगस्टमध्ये अंथरूण झटकताना मुलीच्या उशीखाली पाटीवरच्या पेन्सिलींचे सात-आठ तुकडे सापडले. प्रत्येक तुकड्याच्या टोकावर दातांच्या बारीक खुणा होत्या. ती तेव्हा नुकतीच पाच वर्षांची झाली होती आणि तिचे वजन १५ किलो होते. जेवायला बसली की दोन घासांनंतर पोट भरले म्हणायची आणि संध्याकाळी खाली खेळायला गेली तरी थोड्याच वेळात जिन्याच्या पायरीवर येऊन बसायची. पेन्सिल किंवा भिंतीचा चुना खाणाऱ्या मुलाच्या अंगात कॅल्शियम कमी असते, असे आमच्याकडे सगळेच मानतात. मीही तेच मानले, तिचे दोन पेले दूध साडेतीन पेल्यांवर नेले आणि त्यात चॉकलेटच्या चवीची पावडर घालू लागले. सोबत जीवनसत्त्वांच्या गमीची, म्हणजे चघळायच्या गोड गोळ्यांची, एक बाटलीही ऑनलाइन मागवली. यातले काय उपयोगी पडले, काय वाया गेले आणि काय उलट अंगाशी आले, ते आता तपासणीचे पाच अहवाल हाताशी असताना सविस्तर लिहीत आहे.

आमच्या भागातील बालरोगतज्ज्ञांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘ताई, ही दूध किती पिते?’ मी साडेतीन पेले असे अभिमानाने सांगितले. त्यांनी समजावले की दुधात लोह जवळजवळ नसतेच, त्यातले कॅल्शियम इतर अन्नातील लोहाच्या शोषणात अडथळा आणते, आणि सातशे मिलि दूध पोटात गेल्यावर पोळी-भाजीसाठी भूकच उरत नाही. माती, चुना, पेन्सिल खाण्याची ओढ लोहाच्या कमतरतेत फार वेळा दिसते. म्हणजे लक्षण लोह कमी असल्याचे होते आणि मी उपाय केला होता तो लोह आणखी कमी करणारा.

तपासणीत हिमोग्लोबिन ९.४ निघाले. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ११.५ आहे. शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन १५ च्या वर असायला हवे, ते ७ होते. ड जीवनसत्त्व १४ होते. १२ ते २० या पातळीला अपुरे म्हणतात. ब-१२ ठीक होते, त्यामुळे त्याचा विषय तिथेच संपला. सिरप लिहून देण्याआधी डॉक्टरांनी सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणीही करून घेतली, आणि नागपुरात किंवा विदर्भात कुठेही राहणाऱ्या पालकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी असे मला मनापासून वाटते. आपल्या भागात सिकल सेलचे प्रमाण बरेच आहे, आणि रक्त कमी असण्याचे कारण ते असेल तर केवळ रक्त कमी दिसते म्हणून आपल्या मनाने लोह देत राहणे योग्य नाही. आमचा अहवाल निगेटिव्ह आला, तेव्हा कुठे उपचार सुरू झाला.

लोहाचे सिरप फेरस ॲस्कॉर्बेटचे होते, दर ५ मिलिमध्ये ३० मिलिग्रॅम लोहाचे. दर किलो वजनाला ३ मिलिग्रॅम या हिशेबाने तिला रोज ४५ मिलिग्रॅम, म्हणजे साडेसात मिलि द्यायचे होते. ही मात्रा तिच्या वजनाची आणि तिच्या अहवालाची आहे, ती कोणी उचलू नये. मोजण्यासाठी मी पहिले काही दिवस घरचा चमचा वापरला आणि एकदा सहज पाण्याने मोजून पाहिले, तर एका चमच्यात चार मिलि मावत होते आणि दुसऱ्यात सात. त्यानंतर सुई नसलेली दहा मिलिची सिरिंज आणली. तिचा दुसराही फायदा झाला. सिरप गालाच्या आत मागच्या बाजूला सोडता येते, त्यामुळे दात काळे पडत नाहीत, आणि वर दोन घोट पाणी पाजून चूळ भरायला लावली की तोंडातली धातूसारखी चवही जाते.

हे सिरप उपाशीपोटी सर्वांत चांगले शोषले जाते हे खरे, परंतु पहिल्या आठवड्यात सकाळी दिले तेव्हा तिला दोनदा उलटी झाली. डॉक्टरांच्या सल्ल्याने मग वेळ बदलून संध्याकाळी पाचची ठरवली, शाळेतून आल्यावर थोडे खाऊन झाल्यानंतर, आणि दूध नेले रात्री झोपण्यापूर्वी. पाचच्या त्या खाण्यात दूध, दही आणि चहा अजिबात नको, लिंबू किंवा संत्रे हवे, एवढा एकच नियम घरात पाळला. शौच काळसर होते, त्याला घाबरू नये. बद्धकोष्ठता मात्र खरेच झाली आणि ती पाणी, पेरू आणि रात्री भिजवलेल्या मनुकांनी तीन आठवड्यांत आटोक्यात आली. बाटली मी कपाटात कुलपात ठेवत असे, कारण गोड चवीचे लोहाचे सिरप एखाद्या लहान मुलाने एकदम बरेच प्यायले तर जिवावर बेतू शकते. घरात दीड वर्षाचा धाकटा हिंडत असताना ही काळजी घ्यावीच लागते.

दूध कमी करणे हा सगळ्यांत अवघड भाग ठरला. माझ्या सासूबाई उमरेडकडच्या, घरी दुभती जनावरे असलेल्या घरात वाढलेल्या. त्यांनी ऐकले आणि त्या खरोखर दुखावल्या. ‘अवं पोरी, दूधच तोडलं तं लेकरू खाईन काय?’ असे त्या म्हणाल्या आणि त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता, कारण तोवर तिच्या पोटात दुधाखेरीज फारसे काही जातच नव्हते. मी त्यांच्यासमोर कागदावर हिशेब मांडला. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ११ मिलिग्रॅम लोह लागते. दोन पेले, म्हणजे चारशे मिलि दुधातून सुमारे ४८० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते, आणि उरलेले सत्तर तिळाच्या चटणीतून किंवा नाचणीतून सहज भरून निघते. साडेतीन पेल्यांतून ते आठशेच्या वर जात होते आणि लोह मात्र नाममात्र येत होते. हिशेब पाहून त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच मोड आलेल्या मुगाचे घावन करून तिच्या ताटात वाढले.

पहिले दहा दिवस ती दुधासाठी रडली. अकराव्या की बाराव्या दिवशी दुपारी तिने स्वतःहून वरण-भात मागितला आणि वाटी पुसून खाल्ली. त्याच सुमारास पेन्सिली खाणेही थांबले. उपचार सुरू होऊन तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते, आणि हिमोग्लोबिन फारसे वाढण्याआधीच ही ओढ थांबू शकते, असे डॉक्टरांनी नंतर सांगितले.

आहारात आम्ही नवे असे काही आणले नाही, आपल्याकडचेच पदार्थ वेळ आणि जोड पाहून दिले. पालकाच्या भाजीवर माझी फार भिस्त होती, पण त्यातले बरेचसे लोह शरीराला मिळतच नाही, हे समजल्यावर भिस्त कमी केली. अंबाडीची आंबट भाजी लोखंडी कढईत करू लागले, कारण आंबट पदार्थात कढईतले थोडे लोह उतरते. शिजल्याबरोबर ती दुसऱ्या भांड्यात काढावी लागते, नाहीतर काळी पडते आणि चव बिघडते. इतवारीतून आणलेले तीळ आणि जवस भाजून, थोडा गूळ घालून केलेली चटणी तिला पोळीच्या गुंडाळीत आवडली. झुणक्यावर लिंबू पिळणे, फुटाण्यांसोबत आवळ्याची फोड देणे, मूग-मटकीला मोड आणूनच वापरणे, हे सगळे क्षुल्लक वाटते, पण धान्य-कडधान्यांतले लोह क जीवनसत्त्वाच्या सोबतीने कितीतरी चांगले शोषले जाते आणि मोड आणल्याने त्याला अडवणारे घटक कमी होतात. रविवारी घरी सावजी पद्धतीचे मटण होते. मसाला पडण्यापूर्वी कलेजीचा एक लहान तुकडा बाजूला काढून, हळद-मीठ-आले लावून तिच्यासाठी वेगळा शिजवते. मांसातले लोह भाजीतल्या लोहापेक्षा सहज लागू पडते. कलेजीत अ जीवनसत्त्व फार असते, म्हणून आठवड्यातून एकदाच आणि एकच तुकडा.

ऑक्टोबरच्या शेवटी आंबिया बहाराची संत्री गोकुळपेठेच्या बाजारात आली आणि आमचे काम खूपच सोपे झाले. या वयाला दिवसाला ३५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते आणि एका मध्यम संत्र्यात ते जवळजवळ पूर्ण होते. पाचच्या सिरपनंतर ती स्वतः संत्रे सोलत बसायची, पांढऱ्या शिरा काढून फोडी ताटलीत ओळीने मांडायची आणि मग एकेक खायची. फेब्रुवारीत मृग बहाराचे फळ आले, त्यामुळे मधला जानेवारीचा थोडा काळ सोडला तर घरात संत्रे होतेच. रस काढून दिला नाही, कारण फळ चावून खाल्ल्याने चोथाही पोटात जातो.

दुसऱ्या महिन्यात एक चूक झाली, ती सांगितलीच पाहिजे. शनिवारी रात्री सिरप संपले, नेहमीचे उपलब्ध नव्हते, आणि औषधाच्या दुकानातून ‘हेही आयर्नचेच आहे, यात तर १६० आहे’ असे सांगून दुसरी बाटली देण्यात आली. मला तो आकडा मोठा वाटला आणि मी साडेसात मिलि तेच देत राहिले, एकूण १९ दिवस. आठव्या आठवड्याच्या तपासणीत हिमोग्लोबिन आधीच्या तपासणीतील १०.३ वरून फक्त १०.५ झाले होते. डॉक्टरांनी बाटली मागवून घेतली आणि वेष्टनावरच्या बारीक ओळीवर बोट ठेवले. १६० मिलिग्रॅम हे फेरिक अमोनियम सायट्रेट या क्षाराचे वजन होते, त्यातले प्रत्यक्ष लोह सुमारे ३३ मिलिग्रॅम, आणि तेही १५ मिलिमध्ये. म्हणजे तिला ४५ ऐवजी रोज १६ मिलिग्रॅमच मिळत होते. तेव्हापासून मी कोणतीही बाटली घेताना ‘एलिमेंटल आयर्न’ किती आणि किती मिलिमध्ये, या दोनच गोष्टी पाहते. दुकानातल्या माणसाने फसवले असे मी म्हणणार नाही, परंतु लहान मुलाचे औषध बदलून देताना डॉक्टरांना एक फोन करायला लावणे त्याचे काम होते आणि तो करणे माझेही.

ड जीवनसत्त्वाच्या थेंबांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पहिले तीन महिने डॉक्टरांनी ठरवलेली जास्त मात्रा आणि नंतर रोज ६०० एकक, दुपारच्या जेवणातल्या तुपाच्या घासासोबत, कारण हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थाबरोबर चांगले शोषले जाते. एवढे ऊन असलेल्या शहरात ही कमतरता कशी, हा प्रश्न मलाही पडला होता. ज्या किरणांमुळे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते, ते सकाळच्या कोवळ्या उन्हात फार कमी असतात आणि साधारण दहा ते तीन या वेळेत भरपूर असतात. नेमक्या त्या वेळेत मुले वर्गात असतात, आणि एप्रिल-मे महिन्यांत तर आपण त्यांना कूलरसमोरून हलू देत नाही, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात ते बरोबरच आहे. हिवाळ्यात सुटीच्या दिवशी अकराच्या सुमारास तिला फुटाळा तलावावर नेऊ लागलो. अंड्याच्या बलकात हे जीवनसत्त्व सुमारे ४० एककच असते, तेव्हा केवळ अन्नावर ते भागत नाही. साठ हजार एककांचे पाकीट शेजारच्यांच्या सांगण्यावरून मुलांना देण्याचा प्रकार मी आजूबाजूला पाहिला आहे. तसे कृपा करून करू नये, कारण हे जीवनसत्त्व शरीरात साठत जाते आणि जास्त झाले तर रक्तातले कॅल्शियम वाढते.

गमींचा अनुभव वाईट होता. साडेपाचशे रुपयांच्या त्या बाटलीवर फळांची चित्रे होती, आत लोह शून्य, कॅल्शियम शून्य आणि दोन गमींमागे तीन ग्रॅम साखर. ‘औषधी वापरासाठी नाही’ ही ओळ नियमानुसार मागे छापलेली होती, मी ती दोन महिन्यांनी वाचली. एकदा तिने खुर्चीवर चढून पाच गमी एकदम खाल्ल्या, कारण तिच्यासाठी ती खाऊची गोळीच होती. त्यात अ जीवनसत्त्वही होते, म्हणून मी घाबरून डॉक्टरांना फोन केला. सुदैवाने काही झाले नाही. मुलगी नीट जेवत असेल तर या वस्तूची गरज नाही, आणि जेवत नसेल तर तिला जे कमी पडत आहे ते यात नाही. दुधातल्या पावडरीचेही तेच. अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढा, असे केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना कळवले होते. आम्ही तीही बंद केली. आठवडाभर ती साध्या दुधाला नाक मुरडत होती, नंतर सवय झाली.

चौथ्या महिन्याच्या शेवटी हिमोग्लोबिन ११.७ झाले. साठा भरून निघावा म्हणून सिरप पुढे आणखी तीन महिने चालू ठेवले आणि मार्चच्या शेवटच्या तपासणीत फेरिटिन ३४ आल्यावर बंद केले. वजन १७ किलो २०० ग्रॅम आहे. आता थेंब चालू आहेत, दूध दोन पेल्यांवर आहे आणि पुन्हा रक्ततपासणी जुलैमध्ये करायची आहे. धाकटाही बाटलीतून दिवसाला सातशे-आठशे मिलि दूध पितो हे या सगळ्या गडबडीत माझ्या ध्यानात आले नव्हते. त्याची बाटली सोडवायला गेल्या सोमवारपासून सुरुवात केली आहे आणि त्याचेही रक्त या आठवड्यात तपासायला देत आहोत.