हिरवा, तपकिरी की काळा? बेदाणा घेण्याआधी

एप्रिल उजाडला की पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचे फोन सुरू होतात. "येताना पाच किलो बेदाणा आणा, चांगल्यातला." चांगल्यातला म्हणजे हिरवाच, हे त्यांनी धरूनच चाललेलं असतं. सांगली जिल्ह्यातल्या तासगावच्या सौद्यात, म्हणजे बेदाण्याच्या लिलावात, हिरव्याला भावही चढा लागतो, त्यामुळे समज आणखी पक्का. खरं तर हिरवा आणि तपकिरी हे बऱ्याचदा एकाच बागेतले, थॉमसन सीडलेस या एकाच द्राक्षजातीचे भाऊ असतात. वाटा फुटतात त्या घड तोडल्यावर.

द्राक्षाच्या सालीवर राखेसारखी पांढुरकी लव दिसते ना, ते मेण. आतलं पाणी ते सहजी बाहेर पडू देत नाही. म्हणून बेदाणा वाळवायच्या शेडवर माल आधी टाकीत बुडवतात: लिटरभर पाण्याला 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिली इथाइल ओलिएट. या दुसऱ्याला आमच्याकडे सगळे नुसतं 'डिपिंग ऑइल' म्हणतात. दोन-चार मिनिटांत मेणाचा थर विस्कटतो आणि रॅकवर, सावलीला, माल दोनेक आठवड्यांत वाळतो. न बुडवलेला घड उन्हात टाकला तर तीन-चार आठवडे खातो. तेवढ्यात सफरचंदाची फोड काळी पाडणारं एन्झाइम, पॉलिफिनॉल ऑक्सिडेज, इथेही हात मारून घेतं. तपकिरी रंग आला तो असा. पण त्यासोबत काकवीची आठवण देणारी चवही येते, ती हिरव्यात नाही.

हिरव्याचा रंग धरून ठेवायला बऱ्याच ठिकाणी गंधकाची धुरी देतात. त्यातला सल्फर डायऑक्साइड एन्झाइमला थोपवतो. मागे एकदा बॉक्स फोडला आणि नुकत्याच ओढलेल्या आगकाडीसारखा झणका नाकात गेला. धुरी जरा सढळ हातानं झाली होती. एरवी याचा त्रास नाही, पण दम्याच्या काही रुग्णांना धुरीतून मालात उरलेलं सल्फाइट बाधतं. पाकिटावर त्याचा उल्लेख पाहा. सुट्ट्या मालाला मात्र नाकच लावायचं.

काळा बेदाणा शरद सीडलेस या काळ्या द्राक्षांचा. सालीतल्या अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे रंग मुळातच काळा. जांभळालाही तोच रंग. रक्त वाढतं म्हणून लोक काळाच मागतात, पण कोणताही बेदाणा घ्या, शंभर ग्रॅमला लोह 2 मिलिग्रॅमच्या आसपास आणि साखर साठेक ग्रॅम. चार किलो द्राक्षांचा एक किलो होतो, तेव्हा साखर एकवटणारच. मधुमेह असलेल्यांनी रंगावर नाही, मुठीवर लक्ष ठेवावं.

मी काय घेतो? शिरा, श्रीखंड, पुलाव, जिथे ताटात दिसायचंय तिथे हिरवा. सकाळी भिजवून खायला आणि घरात कुणाला दमा असेल तर धुरी न दिलेला तपकिरी, तोही ओळखीच्या शेडवरून. काळा आवडीपुरता. पावशेरच घ्यायचा असेल तर मी डोळे झाकून तपकिरी घेईन.

पावसाळ्यात डबा फ्रिजमध्ये ठेवा. दाण्यावर पांढरे कण दिसले तर लगेच टाकू नका. बहुतेक वेळा ती द्राक्षातलीच साखर असते, कोमट पाण्यात विरघळते. केसाळ थर आणि कुबट वास असेल तर ती बुरशी.