हीटर प्लग: मेलेला एकच बदलायचा की चारही?

महाबळेश्वरजवळच्या भिलारहून पहाटे स्ट्रॉबेरी भरून निघणारा पिकअप आणि तासगावातून द्राक्षाच्या पेट्या नेणारा पिकअप. गाडी एकाच कंपनीची असली तरी हीटर प्लगचा (थंड डिझेल इंजिन उठावं म्हणून सिलिंडर आतून तापवणारा प्लग, दर सिलिंडरला एक) हिशोब दोघांचा वेगळा. वेण्णा तलावाकाठी दव गोठतं त्या दिवसांत चारातला एक प्लग मेला, तर इंजिन तीन सिलिंडरवर थडथडत उठतं, पांढरा धूर ओकतं आणि तापल्यावर गुमान चालतं. खाली तासगावात तोच मेलेला प्लग अख्खा हंगाम कळतही नाही, निदान डायरेक्ट इंजेक्शनच्या (डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) इंजिनात तरी. म्हणून घाटमाथ्यावरच्या गाडीचे प्लग डिसेंबरआधीच मोजावेत. खालच्याने तक्रार आल्यावर मोजले तरी चालतं. (उसाच्या मोठ्या ट्रकवाल्यांनी पुढचं सोडून द्यावं, त्या सहा सिलिंडरच्या इंजिनांना बहुतेक वेळा हीटर प्लग नसतातच.)

आधी दोष प्लगचाच आहे का ते पाहा. सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) जड फिरत असेल तर प्लगला हात लावू नका. सेल्फ मारताना बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज 9.6च्या खाली गेलं, तर बॅटरी, अर्थिंग नाहीतर सेल्फमध्येच घोळ आहे. सेल्फ जोरात फिरतो पण सायलेन्सरमधून धूरच नाही, म्हणजे डिझेल पोचत नाही. बहुधा लाईनने हवा धरली आहे. सेल्फ जोरात, पांढरा धूर भरपूर आणि कच्च्या डिझेलचा वास, ही खूण हीटरची. मात्र तापलेलं इंजिनही असंच उठत असेल तर नोझल (डिझेल फवारणारं टोक) किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) बघायला हवं.

डॅशबोर्डवरच्या पिवळ्या कॉइलच्या दिव्यावर भरवसा ठेवू नका. बऱ्याच गाड्यांत तो नुसता टायमरवर विझतो, प्लग तापो न तापो. थंड इंजिनावर चावी ऑन करून प्लगांना जोडणाऱ्या पट्टीवर व्होल्टेज घ्या. बॅटरीपेक्षा व्होल्टभर कमी भरलं तर ठीक. शून्य आलं तर फ्यूज किंवा रिले (प्लगांना करंट सोडणारा स्विच) पाहा, नवे प्लग आणून काही होणार नाही. मग पट्टी काढा. हे टाळलं की चारही प्लग एकमेकांना जोडलेले राहतात आणि एका चांगल्या प्लगमुळे सगळेच चांगले दिसतात. प्रत्येक प्लगचं टोक ते इंजिनची बॉडी असं मोजा. साध्या 12 व्होल्टच्या प्लगला साधारण अर्धा ते दोन ओम येतात. मीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवून येणारा आकडा त्यातून वजा करा. मीटर जोडच दाखवत नसेल, म्हणजे आतली तार तुटलेली, तर प्लग मेला.

एकच बदलला तर खर्च कमी आणि काम अर्ध्या तासाचं. पण चारही एकाच दिवशी बसवलेले असतील तर उरलेल्या तिघांचंही वय तेवढंच, म्हणून मेकॅनिक संच सांगतो. सल्ला बरोबर आहे, पण खरी जोखीम काढताना असते. जुना प्लग कार्बनने हेडमध्ये (सिलिंडरांवरच्या झाकणात) धरलेला असतो आणि तुटला तर हेड उतरवायची पाळी येते. एम10 (10 मिलिमीटर) आट्याचा प्लग टॉर्क पान्यावर 35 न्यूटन मीटरपर्यंतच्या जोरात सुटला नाही तर थांबा. रात्री गंज सोडवणारं तेल सोडा, सकाळी इंजिन गरम करून पुन्हा हळूच हलवा. म्हणून आमचं मत असं: सहज सुटत असतील तर चारही बदला. मेलेला सुटला आणि शेजारचा चांगला प्लग हटत नसेल, तर त्याला तसाच राहू द्या. नवा बसवताना आधी हाताने आटे धरा, मग एम10ला 15 न्यूटन मीटर पुरे.

काढलेल्या प्लगचं टोक बघितल्याशिवाय टाकू नका. टोक वितळलेलं असेल तर त्या सिलिंडरचं नोझल टपकतंय. ते तसंच ठेवलं तर नवा प्लगही जाईल. टोक फुगलेलं असेल तर रिले चिकटून करंट चालूच राहतो आहे.

रिले गेल्यावर बरेचजण केबिनमध्ये पुश बटण लावतात. जुन्या साध्या प्लगांना हा जुगाड चालतो, पण चार प्लग मिळून 40 अॅम्पियरच्या आसपास ओढतात, सुरुवातीला त्याहूनही जास्त. हॉर्नची वायर आणि हॉर्नचं बटण यात वितळतं. जाड केबल, जड रिले आणि फ्यूज हवाच. शिवाय बटण किती सेकंद दाबलं याचा हिशोब ड्रायव्हरकडे राहतो, आणि थंडीत तो हात लवकर उचलत नाही. नव्या कॉमनरेल (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या डिझेल इंजेक्शनच्या) गाड्यांत काही प्लग 4.4 किंवा 7 व्होल्टचे असतात. त्यांना थेट 12 व्होल्ट दिले की काही सेकंदांत जळतात, तिथे प्लगांना मोजून करंट देणारा कंट्रोलरच बदलायचा. सिरॅमिक प्लग दोन-तीन सेकंदांत तापतात, पण ठिसूळ असतात. हातातून पडलेला प्लग वरून धड दिसला तरी बसवू नका. आत तडा असेल तर तुकडा सिलिंडरमध्ये पडतो.

हीटर चालू असताना एअर फिल्टरमध्ये स्टार्टिंग स्प्रे किंवा पेट्रोलची चिंधी नको. लालबुंद टोकावर वाफ वेळेआधीच पेटते आणि पिस्टनच्या रिंगा तुटू शकतात.