जुन्या गाडीला ठरावीक जेटचा कार्ब्युरेटर की एसयू?

1930 च्या आसपासची इंग्रजी गाडी असेल आणि मूळ कार्ब्युरेटर (इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) झिजला असेल, तर हा प्रश्न येतोच. मी दोन्ही वापरले आहेत.

दोन्ही ज्या दुखण्यावर निघाले ते एकच. एकाच जेटच्या (पेट्रोल येण्याच्या बारीक भोकाच्या) सुरुवातीच्या कार्ब्युरेटरमध्ये इंजिनाची ओढ वाढली की हवेच्या मानाने पेट्रोल जास्त येई, आणि चालकाला जादा हवेची दांडी हाताने सांभाळावी लागे. फ्रान्सच्या बावेरीने 1906 मध्ये मुख्य जेटच्या जोडीला भरपाईचा दुसरा जेट दिला; हाच ठरावीक जेटवाला. एसयू काढणाऱ्या इंग्लंडच्या स्किनर बंधूंनी मात्र हवेची वाटच ओढीप्रमाणे लहानमोठी केली. पिस्टन उचलला जातो, त्याची निमुळती सुई जेटमधून वर सरकते आणि पेट्रोलही त्या प्रमाणात वाढतं.

ठरावीक जेटवाला गरीब स्वभावाचा. एकदा बसला की हात लावावा लागत नाही. एसयूचा पिस्टन आपल्याकडच्या धुळीने अडकतो, जेटभोवतीच्या कॉर्कच्या सीलमधून पेट्रोल पाझरतं. हे मान्यच.

पण माझा निर्णय केला तो आताच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने. त्यावर मिक्स्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. ठरावीक जेटमध्ये मग मोठे जेट शोधा. हव्या त्या मापाचे मिळत नाहीत, आणि रीमरने मोठं केलेलं भोक पुन्हा लहान होत नाही. मुख्य जेट जुळला की भरपाईचा बिघडे. बोरघाटात तिसऱ्या गियरवर इंजिन खोकायचं, सपाटीला आलं की ठणठणीत.

एसयूला जेटखालचा नट एक पैलू खाली फिरवला की झालं. इंजिन तापल्यावर पिस्टन जेमतेम 0.8 मिमी उचलायचा आणि कान द्यायचा. वेग चढून तसाच राहिला तर रिच (पेट्रोल जास्त), इंजिन बसू लागलं तर लीन, क्षणभर चढून जागेवर आलं तर बरोबर. मला ही कानाची परीक्षा पुरते. गेज लावून मी कधी पाहिलेलं नाही.

गाडी प्रदर्शनातच उभी राहणार असेल, तर मूळचा दुरुस्त करून ठेवणं कदाचित जास्त योग्य. घाट चढायचे असतील तर मी एसयूच घेईन, आणि सोबत एक पायरी जास्त रिच सुई मागवेन. नटाने स्लो (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) जुळतो, पण मधल्या वेगाचं मिक्स्चर सुईच ठरवते.