बोंडअळीची अफवा आणि वाचनालयाची कार्यशाळा

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाने कापूस वेचणीच्या दिवसांत ‘कटाच्या गोष्टी खऱ्या का वाटतात’ या विषयावर दोन तासांची विनामूल्य कार्यशाळा घेतली. वेचणी सोडून चाळीसएक माणसे आली होती.

कापसाची बोंडे आतून खाणारी गुलाबी बोंडअळी बियाणे कंपन्यांनीच सोडली, असे आमच्या गावात अनेक वर्षांपासून बोलले जाते. मानसशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिकाबाईंनी या समजुतीची थट्टा केली नाही, हे मला सर्वांत मोलाचे वाटले. २०१७ च्या हंगामात पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, बोंडे आतून किडली आणि त्याच वर्षी फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यातील शेतकरी दगावले. एवढ्या मोठ्या आघातामागे कुणाचा तरी हात असलाच पाहिजे असे मन धरून बसते, हे त्यांनी शांतपणे उलगडले. परिस्थिती हाताबाहेर गेल्याची भावना झालेल्या माणसांना नुसत्या ठिपक्यांतही नसलेल्या आकृत्या दिसतात, असे २००८ साली जेनिफर व्हिटसन आणि ॲडम गॅलिन्स्की या संशोधकांनी प्रयोगांतून दाखवले होते. पाऊस आणि भाव यांपैकी काहीच ज्याच्या हाती नाही, त्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे लगेच पटले.

मग त्यांनी खरी कारणे सांगितली. अळी बीटीला, म्हणजे अळीला मारक प्रथिन स्वतःच तयार करणाऱ्या जनुकबदल केलेल्या कपाशीला, सरावली होती. अळी अशी सरावू नये म्हणून तेव्हा ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत मिळणारी १२० ग्रॅमची बिगर-बीटी पुडी आपल्यापैकी बहुतेकांनी कधी पेरलीच नाही, आणि फरदड घेऊन, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक उभे ठेवून, अळीला उन्हाळ्यापर्यंत खाद्य पुरवले. मीही ती पुडी फेकली होती. कंपनीचा कट मानला की स्वतःकडे पाहावे लागत नाही, हे त्या क्षणी मला फार लागले.

एक उणीव मात्र गंभीर आहे. पंधरवड्याच्या अंतराने तीनदा ऐकवलेली विधाने लोकांना अधिक खरी वाटू लागतात, हा १९७७ चा प्रयोग बाईंनी पाच मिनिटांत आटोपला, आणि त्याच वेळी बोंडअळीच्या अफवेचा खोटा संदेश ठळक अक्षरांत पडद्यावर अर्धा तास तसाच राहिला. काहींनी त्याचाच फोटो काढला. खरी माहिती आधी आणि मोठ्या अक्षरांत दाखवायला हवी होती. शिवाय वेळ संध्याकाळची, म्हणजे स्वयंपाकाची असल्यामुळे बायका मोजक्याच आल्या. वेचणी आणि निंदण त्यांच्याच हातून होते.

एवढे असूनही मी ही कार्यशाळा इतर गावांना आग्रहाने सुचवेन. पेरणीपूर्वी ती दुपारी आमच्या गावात घ्यावी, असे मी वाचनालयाला लेखी कळवले आहे आणि ग्रामपंचायतीने सभागृह देण्याचे मान्य केले आहे.